घाटरस्ता आणि स्पोर्ट मोटारसायकलच्या इंजिनातील फेरबदल : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. मात्र त्यावर दुचाकी वाहनांना प्रवेश नाही. त्यामुळे पनवेल, कर्जत व खालापूर या भागांतून पुण्याच्या दिशेने जाणारा मोटारसायकलस्वार आजही खोपोलीहून जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून, बोरघाट चढतो. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये या घाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा तो बैलगाड्या व तोफांच्या वाहतुकीसाठी होता. आता रविवारी पहाटे याच वळणांवर स्पोर्ट मोटारसायकलींचे थवे दिसतात, आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांचा आवाज कारखान्यातून बाहेर पडतानाचा राहिलेला नसतो. महाविद्यालयाच्या वाहनतळावरही हे चित्र अपरिचित नाही.

या गाड्यांपैकी अनेक महाराष्ट्रातच तयार झालेल्या आहेत. बजाज ऑटोने २००१ मध्ये 'पल्सर' बाजारात आणली, २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भांडवली हिस्सा घेतला आणि त्यानंतर पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात केटीएमच्या गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. त्यांतील 'आरसी ३९०' ही २०१४ मध्ये भारतात आली. या गाडीचे इंजिन प्रस्तुत विवेचनासाठी उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण कारखान्याबाहेरील फेरबदलांचा, म्हणजे सर्वसामान्य भाषेत 'ट्यूनिंग'चा, सर्वांत मोठा बाजार याच वर्गातील इंजिनांभोवती उभा राहिला. विकत घेतलेली जादा शक्ती या घाटात नेमकी कोठे खर्च होते आणि तिची किंमत कोणत्या रूपात चुकवावी लागते, हा या लेखाचा विषय आहे.

इंजिनात शक्ती कोठून येते

खोपोलीकरांना या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्या यंत्राच्या रूपाने १९१५ पासून परिचित आहे. टाटांच्या जलविद्युत केंद्रात लोणावळा-वळवण परिसरातील तलावांचे पाणी ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून खाली येते. तेथे शक्ती दोनच गोष्टींवर ठरते : सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून येते. पेट्रोल इंजिनात पाण्याच्या जागी हवा असते. सेकंदाला किती हवा सिलिंडरात शिरते, आणि ज्वलनाच्या क्षणी ती किती दाबलेली असते, यावर शक्ती अवलंबून राहते. पेट्रोलची भूमिका दुय्यम आहे असे नव्हे. परंतु हव्याहून जास्त पेट्रोल ओतणे कोणत्याही इंजिनाला सहज जमते, हवा भरणे हेच कठीण असते.

आरसी ३९० च्या सिलिंडराचा व्यास ८९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६० मिलिमीटर आहे. यावरून तिचे आकारमान ३७३ घन सेंटिमीटर येते. व्यास मोठा व धाव आखूड असल्यामुळे चार झडपांना पुरेशी जागा मिळते आणि इंजिन जलद फिरू शकते. सुमारे ९,००० फेऱ्या प्रतिमिनिट या वेगाला ते साधारण ४३ अश्वशक्ती देते. टॉर्क मात्र ७,००० फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक, सुमारे ३६ न्यूटन-मीटर, असतो. आकुंचन प्रमाण १२.५ हून अधिक आहे. एका सिलिंडराच्या रस्त्यावरील इंजिनासाठी हे आकडे मुळातच ताणलेले आहेत. कारखान्याने जाणूनबुजून बरीच शक्ती 'बांधून' ठेवलेली असते आणि एखादा भाग बदलताच ती मोकळी होते, ही समजूत अशा इंजिनाच्या बाबतीत फारशी टिकत नाही.

घाटाला किती शक्ती लागते

येथे थोडे गणित करणे उपयुक्त ठरेल. गाडी व स्वार यांचे एकत्रित वजन २४० किलोग्रॅम आणि चढ दर शंभर मीटरला आठ मीटर असा धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३.१ किलोवॅट लागतात. हवेच्या रोधासाठी जवळपास एक किलोवॅट, आणि टायरांच्या घर्षणासाठी त्याहून थोडे कमी. एकूण बेरीज पाच किलोवॅटच्या आतच राहते. साखळी व गिअरपेटीतील हानी धरूनही हा आकडा सात-आठ अश्वशक्तींच्या पुढे जात नाही. ४३ अश्वशक्तींच्या इंजिनाला घाट चढण्यासाठी आपल्या क्षमतेचा पाचवा हिस्साही पुरतो.

यावर स्वाभाविक आक्षेप असा की, स्वाराला चढायचे नसते, पुढच्या मालमोटारीला ओलांडायचे असते. तेही मोजून पाहावे. ताशी ४० वरून ७० किलोमीटर वेग गाठण्यासाठी या गाडीला सुमारे ३० हजार ज्यूल गतिज ऊर्जा द्यावी लागते. हे काम तीन सेकंदांत करायचे तर सरासरी दहा किलोवॅट, आणि चढाचे पाच किलोवॅट वेगळे. म्हणजे साधारण २० अश्वशक्ती. एवढी शक्ती मूळ इंजिन पाच-साडेपाच हजार फेऱ्यांनाच देते. ती मिळत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच असते : स्वाराने खालचा गिअर टाकलेला नसतो.

घाटात कामाला येतो तो मधल्या फेऱ्यांमधील टॉर्क. ज्याला गॅरेजमध्ये 'पिकअप' म्हणतात तो. सर्वोच्च शक्तीचा आकडा ९,००० फेऱ्यांवर असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये त्या फेऱ्यांपर्यंत पोचलेली गाडी घाटातील वळणाला आवश्यक त्या वेगाच्या कितीतरी पुढे गेलेली असते. रेल्वेने ही बाब दीड शतकापूर्वीच ओळखली. कर्जत-लोणावळा दरम्यान ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे, आणि पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. तेथे वाढवला जातो तो कमी वेगातील रेटा. गाडीचा सर्वोच्च वेग वाढवण्याचा विचार कोणी करत नाही.

मोटारसायकलला जादा इंजिन जोडता येत नाही, परंतु चाकावरील रेटा वाढवण्याचा साधा मार्ग उपलब्ध आहे. आरसी ३९० मध्ये पुढच्या स्प्रॉकेटला १५ आणि मागच्याला ४५ दाते असतात. पुढचे स्प्रॉकेट १४ दात्यांचे बसवले की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरील रेटा सात टक्क्यांनी वाढतो. इंजिनाचे एक झाकणही त्यासाठी आतून उघडावे लागत नाही. मोबदल्यात त्याच वेगाला इंजिन सात टक्के अधिक फिरते, पेट्रोल थोडे जास्त लागते आणि पनवेलच्या सपाट रस्त्यावर गाडी थोडी गुरगुरते. हमीच्या अटी आधी वाचाव्यात हे खरेच. तथापि लोकप्रिय सायलेन्सरच्या किमतीच्या अगदी लहान अंशात होणारा हा बदल त्या सायलेन्सरपेक्षा घाटात अधिक जाणवतो. तो कमी प्रतिष्ठित का, याचे उत्तर बहुधा यंत्रशास्त्रात सापडणार नाही. स्प्रॉकेटचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जात नाही.

फिल्टर, सायलेन्सर आणि नकाशा

फेरबदलांच्या बाजारात या तीन गोष्टी बहुधा एकत्रच विकल्या जातात, आणि त्यामागे तांत्रिक कारणही आहे.

एअर फिल्टरबाबत फार लिहिण्याची गरज नाही. कापडी, तेल लावलेला फिल्टर हवेला कमी अडवतो. परंतु मूळ कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर त्याचा अडथळाही अल्पच असतो. हवा अधिक मोकळी जाते तेव्हा बारीक धूळही अधिक जाण्याचा संभव असतो, आणि खडी-मुरुमाच्या वाहतुकीने भरलेल्या खालापूरच्या रस्त्यांवर ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. सिलिंडराच्या भिंतीवरील घासणीचा हिशेब काही हजार किलोमीटरनंतर लागतो. तोपर्यंत गाडी पुष्कळदा दुसऱ्याला विकलेली असते.

सायलेन्सरचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. बाहेर पडणाऱ्या वायूला थोडा अडथळा असावा लागतो, त्याशिवाय इंजिनाला पिकअप येत नाही, असे मेकॅनिक सांगतात. निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र वेगळे आहे. निकास-झडप उघडताच नळीतून दाबाची लाट धावते. नळी जेथे रुंदावते किंवा संपते तेथून ती ऋणदाबाची लाट होऊन परतते. ती परतण्याच्या क्षणी झडपा उघड्या असतील तर जळका वायू ओढला जातो आणि ताजी हवा आत येण्यास मदत होते. वेळ चुकली तर नेमके उलट घडते. लाटेचा प्रवासकाळ नळीच्या लांबीवर व वायूच्या तापमानावर अवलंबून असल्याने तिचा लाभ काही ठराविक फेऱ्यांनाच मिळतो. आखूड व मोकळा सायलेन्सर हा लाभ वरच्या फेऱ्यांकडे सरकवतो आणि मधल्या पट्ट्यात खड्डा पाडतो. जी शक्ती घाटात लागत नाही ती मिळवण्यासाठी जी लागते ती घालवायची, असा हा व्यवहार होऊ शकतो. यामाहा 'आरएक्स १००' च्या द्विआघाती इंजिनावर निकासनळी बदलून प्रयोग करणाऱ्या जुन्या पिढीला हा खड्डा चांगला ठाऊक होता. फरक इतकाच की द्विआघाती इंजिनात लाटेचा प्रभाव फार मोठा असतो, म्हणून तेव्हाच्या प्रयोगांना फळही मोठे मिळे. तीच अपेक्षा चतुर्आघाती इंजिनाकडून बाळगली जाते, आणि निराशा तेथूनच सुरू होते.

तिसरी बाब इंधनाच्या नकाशाची. इंधन फवारणीच्या इंजिनात कोणत्या फेऱ्यांना व थ्रॉटल किती उघडा असताना किती पेट्रोल फवारायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, याचे कोष्टक ईसीयू या नियंत्रक संगणकात साठवलेले असते. मध्यम वेगात ईसीयू निकासनळीतील प्राणवायू-संवेदकाकडून माहिती घेऊन मिश्रण स्वतःच दुरुस्त करतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र तो या संवेदकावर विसंबत नाही आणि कोष्टकाप्रमाणे चालतो. फिल्टर व सायलेन्सर बदलल्यावर हवेचे प्रमाण बदलते, म्हणून कोष्टकही बदलावे लागते. बंगळूरूच्या रेस डायनॅमिक्स या कंपनीचे 'पॉवरट्रॉनिक' यांसारखी उपकरणे मूळ ईसीयूच्या जोडीला बसवून हे काम करतात. नीट मोजमाप करून तयार केलेला नकाशा इंजिन अधिक सुरळीत चालवतो, हे मान्य करायला हवे. तीन वस्तूंपैकी यंत्रदृष्ट्या सर्वांत सार्थ अशी हीच.

अडचण मोजमापाची आहे. रोलर डायनॅमोमीटरवर काढलेला आलेख ग्राहकाला दाखवला जातो. एकाच मोजणीला एसएई जे ६०७ या जुन्या आणि जे १३४९ या नंतरच्या प्रमाणकानुसार दुरुस्ती लावली, तर आकड्यांत सुमारे चार टक्क्यांचा फरक पडतो. इंजिन गार असताना 'आधीचा' व तापल्यावर 'नंतरचा' आलेख काढला, खोलीचे तापमान नोंदवले नाही, टायरातील हवा वेगळी असली, तरी एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात. सायलेन्सरच्या जाहिरातीतील वाढ बहुधा याच मापाची असते.

हवा, पाऊस आणि पेट्रोल

कर्जत-खालापूरचे हवामान या हिशेबात आणखी भर घालते. खोपोली ते लोणावळा या चढात गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठते आणि हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी उतरते. उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअस तापमानाला हवा २५ अंशांच्या तुलनेत सुमारे पाच टक्के विरळ असते. पावसाळ्यात ३० अंशांची संपृक्त हवा असेल तर पाण्याची वाफ एकूण दाबाचा चार टक्के हिस्सा अडवून बसते; तेवढा प्राणवायू कमी. अर्थात विकत घेतलेल्या शक्तीइतका चढउतार ऋतू आणि डोंगर फुकटात करीत असतात, आणि स्वाराला तो क्वचितच जाणवतो.

मूळ ईसीयूमध्ये दाब व तापमानाचे संवेदक असल्याने हे बदल बऱ्याच अंशी सावरले जातात. पेट्रोलची गोष्ट निराळी आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला हे प्रमाण सुमारे १४.१, वीस टक्क्यांना १३.५. देशभरात वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. म्हणून दहा टक्क्यांच्या काळात पूर्ण थ्रॉटलसाठी बेतलेला नकाशा आजच्या पेट्रोलवर सुमारे चार टक्के 'कोरडा' चालतो. मूळ कारखानी नकाशात यासाठी अवकाश ठेवलेला असतो. शक्तीचा शेवटचा थेंब काढण्यासाठी केलेल्या नकाशात तो अवकाशच आधी खर्च झालेला असतो. इथेनॉलमुळे नॉकिंगला रोध वाढतो व मिश्रण थंड राहते, त्यामुळे परिणाम तात्काळ विनाशक होतोच असे नाही. परंतु मे महिन्याच्या दुपारी, चढावर, खालच्या फेऱ्यांना पूर्ण थ्रॉटल उघडल्यावर पुढे ढकललेली ठिणगी इंजिन 'ठोकू' लागते, आणि हेल्मेटमधील स्वाराला मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात ती टकटक ऐकू येत नाही. पिस्टनच्या कडा येथेच झिजतात.

अधिक ऑक्टेनचे पेट्रोल हा यावरील उपाय म्हणून सांगितला जातो. ऑक्टेन हे इंधनातील ऊर्जेचे माप नाही. आपोआप पेटण्यास इंधन किती विरोध करते याचे ते माप आहे. ठिणगीची वेळ किंवा आकुंचन प्रमाण त्यानुसार बदललेले नसेल तर इंडियन ऑइलने २०२० मध्ये आणलेल्या १०० ऑक्टेन पेट्रोलचा उपयोग मुख्यतः स्वाराच्या समाधानापुरता राहतो.

शेवटच्या हजार फेऱ्या

नकाशासोबत फेऱ्यांची मर्यादाही वाढवून देण्याची पद्धत आहे. ६० मिलिमीटर धावेच्या पिस्टनचा सरासरी वेग ९,००० फेऱ्यांना सेकंदाला १८ मीटर असतो, १०,००० ला २० मीटर. फरक किरकोळ वाटतो. परंतु पिस्टन व कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २३ टक्क्यांनी. झडपांच्या स्प्रिंगांवरही तोच वर्गाचा नियम लागू आहे. शर्यतीचा संघ हे बल स्वीकारतो, कारण तो ठराविक तासांनंतर इंजिन उघडून भाग बदलतो. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूरजवळील कारी येथील धावपट्टीवर हा हिशेब समर्थनीय आहे. हप्ते भरून घेतलेल्या आणि रोज महाविद्यालयात येणाऱ्या गाडीवर तो कोणी मांडलेलाच नसतो.

आवाज, कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम १९० खाली वेगळा येतो. १७५ घन सेंटिमीटरहून मोठ्या दुचाकीसाठी उत्पादनाच्या टप्प्यावर ध्वनीची मर्यादा ८० डेसिबल आहे. डेसिबल हे लघुगणकी माप असल्याने ९० डेसिबल म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा, हे विद्यार्थ्यांना सांगूनही पटत नाही. घाटातील कड्यावरून परतलेला आवाज ऐकवला तर पटते. याच कर्जत तालुक्यातील माथेरानमध्ये खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागते, आणि ती शांतता अनुभवण्यासाठी येणाऱ्यांतही असे स्वार असतात.

सायलेन्सरसोबत उत्प्रेरक परिवर्तक काढला गेला तर कर्बमोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन थेट बाहेर पडतात. पीयूसी तपासणी इंजिन जागेवर चालू ठेवून होत असल्याने घाटातील भाराखालचे उत्सर्जन तीत दिसतच नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी उघड होतो, आणि तेव्हा प्रश्न चार अश्वशक्तींचा राहत नाही. पालकांच्या बचतीचा होतो.

अध्यापकांसाठी एक सूचना

या विषयावर विद्यार्थ्यांना केलेला निषेधाचा उपदेश फारसा चालत नाही. मोजणी चालते. भौतिकशास्त्र विभागाला वर दिलेला घाटाचा हिशेब विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गाडीचे वजन व स्प्रॉकेटचे दाते घालून करवून घेता येईल. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत याहून सोपे काम आहे. आगीपासून दूर, हवेशीर जागी, १०० मिलिलिटर पेट्रोल झाकणाच्या मापनपात्रात घेऊन त्यात १० मिलिलिटर पाणी घालावे, हलवावे, मधूनमधून झाकण सैल करून वाफ सोडावी आणि मिश्रण स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. तो ३० मिलिलिटरच्या आसपास आला, तर पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल आहे. आणि गाडीतील नकाशा कोणत्या वर्षीचा आहे, हा पुढचा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतात.